तारीख नसलेली तीन पत्रं

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, मीटर तपासायची खोली आहे. बंद पडलेले, उगाच पळणारे, कोणी तक्रार केलेले पाण्याचे मीटर घराघरांतून काढून तिथे आणतात. लांब लोखंडी बाकावर एका ओळीत सहा मीटर बसवायचे, त्यांतून पाणी सोडायचं, पलीकडच्या टाकीत खरोखर किती पाणी पडलं ते मोजायचं आणि मीटरचा काटा काय सांगतो त्याच्याशी ताडून बघायचं. आधी बारीक धार, मग मध्यम, मग पूर्ण. तिन्ही वेळा फरक मर्यादेत असला तर मीटर पास. मग त्याला शिशाचं सील लागतं आणि दाखल्यावर चाचणीप्रमुखाची सही होते.

या खोलीत माझा मित्र चौतीस वर्षं काम करतो आहे. त्याला सगळे काटेभाऊ म्हणतात. आडनाव काटे नाही. मीटरच्या काट्याकडे डोळे बारीक करून बघत बसायचा, म्हणून एका शिपायाने हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. मी त्याला नुसतं काट्या म्हणतो, कारण आम्ही एकाच दिवशी नोकरीला लागलो. तो तांत्रिक शिक्षण झालेला म्हणून खाली गेला, मी कॉमर्सचा म्हणून वर आस्थापना शाखेत. माणसांच्या नेमणुका, रजा, बदल्या, बढत्या यांचे कागद माझ्याकडे असतात. काही महिन्यांत आम्ही दोघंही निवृत्त होऊ.

पहिली काही वर्षं त्याच्यासारखा बोलका माणूस कार्यालयात नव्हता. प्रत्येक साहेबाची चाल आणि खोकला त्याला करता यायचा. एकदा नक्कल चालू असताना साहेब मागे येऊन उभे राहिले. ह्याने न वळता म्हटलं, "आणि आता साहेब मागून येतात, पण रागावत नाहीत." साहेब खरंच रागावले नाहीत. लग्न ठरलं होतं. मुलगी शाळेत शिक्षिका होती. दर शनिवारी तिला भेटायला जाताना तो माझ्याकडून कंगवा मागून घ्यायचा.

एकतिसाव्या वर्षी त्याने मला एक दिवस विचारलं, "वर कोणी माझं नाव घेऊन बोलतं का रे? पाईपातून खाली ऐकू येतं."

मी हसलो. म्हटलं, "तुझं नाव घ्यायला वर कोणाला वेळ आहे?"

तोही हसला. पण पुढच्या पंधरा दिवसांत तो झोपेनासा झाला, डबा न उघडता घरी नेऊ लागला. आणि एका दुपारी त्याने इमारतीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि चाकावर दोन्ही हात ठेवून तीन तास तिथे उभा राहिला. पाण्यातून लोक आपल्याविषयी बोलतात, पाणी थांबलं की ते गप्प बसतात, एवढंच तो सांगत होता. त्याने कोणावर हात उचलला नाही. मी आणि त्याची ताई, आम्ही दोघांनी त्याला रिक्षात बसवून नेलं. दहा आठवडे तो इस्पितळात होता. कागदावर डॉक्टरांनी 'सायकोसिस' असं लिहिलं. कार्यालयात लोक 'डोक्यात पाणी शिरलं' असं म्हणत. तो विनोद सहा महिने चालला.

औषधांनी तो सावरला. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण लांब गेले. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असावा तसे येतात, असं तो सांगे. कामात चूक नाही, रजा नाही, गोळ्या चुकवणं नाही. मात्र नकला करणारा माणूस इस्पितळातून परत आलाच नाही. हा जो आला तो टाकीच्या मागे बसून एकटा डबा खायचा. शिक्षिकेच्या वडिलांकडे स्वतः जाऊन त्याने लग्न मोडलं. ती मुलगी वर्षभर थांबली होती, हे मला माहीत आहे, कारण ती दोनदा माझ्याकडे येऊन गेली. ताईला मुलगी झाली तेव्हा हा मामा लांबूनच बघायचा. "न जाणो," म्हणायचा. तिला त्याने कधी कडेवर घेतलं नाही. ती आता दुसऱ्या गावी नोकरी करते आणि मामाला फोन करते तेव्हा तो "ताईला देतो" म्हणून फोन पुढे करतो.

सगळ्याचं कारण तो एकाच वाक्यात सांगायचा. माझं डोकं भरवशाचं नाही.

आता बढतीचं सांगतो. चाचणीप्रमुखाची जागा रिकामी व्हायची वेळ आली की मुख्यालयाकडून पात्र माणसांची यादी येते. ज्याला बढती नको असेल त्याने तसं लेखी कळवायचं, म्हणजे पुढच्याचा विचार होतो. एकदा नकार दिला की तीन वर्षं नाव येत नाही. काट्याचं नाव पहिल्यांदा आलं तेव्हा तो वर आला आणि म्हणाला, "लिही, डोकं भरवशाचं नाही, सही करायच्या कामाचा मी नाही."

मी म्हटलं, "असं कोणी लिहितं का? 'प्रकृतीच्या कारणास्तव' लिहू."

"काहीही लिही. नाही म्हण म्हणजे झालं."

मसुदा मी केला, टाईप मी केला, सही त्याने केली. तीन वर्षांनी पुन्हा तेच. त्यानंतर तीन वर्षांनी पुन्हा. चौथ्या वेळी तो जिन्यापाशीच म्हणाला, "दर वेळी वर कशाला बोलावतोस? तिथे सगळे बघतात. पुढच्या तीन-चार एकदम सह्या घेऊन ठेव."

मी त्या वेळचं पत्र पाठवलं आणि पुढची तीन पत्रं तारखेची जागा कोरी ठेवून त्याच्याकडून सही करून घेतली. हे नियमात बसत नाही. मी तेव्हाही जाणत होतो. पण त्याला त्रास कमी, मलाही सोय. पत्रं एका पाकिटात घालून मी माझ्या कपाटात ठेवली. यादी आली की त्यातलं एक काढायचं, तारीख घालायची आणि पाठवायचं. नंतर कधीतरी त्याला सांगायचं, "यादी आली होती, पाठवून दिलं." तो मान हलवायचा. दोन पत्रं अशी गेली.

गेल्या वर्षी त्याचे डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टरांनी त्याची जुनी चिठ्ठी वाचली, गोळ्या तशाच ठेवल्या आणि विचारलं, तुम्ही घरी, कामावर कसे असता? तो म्हणाला, त्रास देत नाही कोणाला. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात एक समुपदेशक बाई आहेत, दर बुधवारी त्यांच्याकडे तासभर बोलायला जा. निदान वीस वेळा.

ताई हट्टाला पेटली. तिचे गुडघे दुखतात, म्हणून पहिल्या बुधवारी सोबत मी गेलो. जाताना तो कुरकुरत होता. "बोलून काय होतं? पाईपाशी बोलून गळती थांबते का?"

"ते तू मला विचारू नकोस," मी म्हटलं. "तू तर पाईपाचं ऐकायचास."

बऱ्याच वर्षांनी मी त्या गोष्टीवर थट्टा केली होती. तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. मला बरं वाटलं.

दवाखान्याची ती खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खुर्च्या, एक छोटं टेबल, पाण्याचा जग, आणि उघडझाप करताना कुरकुरणारी खिडकी. बाई तिशीच्या. त्या त्याला काका म्हणायच्या, तो त्यांना मॅडम. मी बाहेर बाकावर बसायचो. पुढे तो एकटा जाऊ लागला, तरी महिन्यातून एखाद्या बुधवारी मी जायचो, आणि परतताना बस थांब्यापर्यंत तो आत काय झालं ते सांगायचा. स्वतःहून सांगायचा, हेच नवीन होतं.

पहिल्यांदा बाईंनी त्याला स्वतःची गोष्ट सांगायला लावली. त्याने सुरुवात केली, "मी एकतिसाव्या वर्षी आजारी पडलो."

बाई म्हणाल्या, "त्याच्या आधी?"

तो मला थांब्यावर सांगत होता. "आधीचं काही आठवेचना. म्हणजे आठवत होतं, पण ते दुसऱ्याचं वाटत होतं. एखाद्या मेलेल्या भावाबद्दल बोलावं तसं."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, आणि आजारपणानंतर? मी म्हटलं, नंतर काही नाही. त्या म्हणाल्या, सव्वीस वर्षं काही नाही?"

पुढच्या एका बुधवारी त्यांनी त्याचं ते वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं. माझं डोकं भरवशाचं नाही. आणि विचारलं, "काका, मीटर खराब आहे असं तुम्ही न तपासता लिहिता का?" तो म्हणाला, नाही, तीन धारांवर तपासतो. "मग हे वाक्य कधी तपासलंत?"

त्या दिवशी आम्ही थांब्यावर उभे होतो. बस आली, गेली. दुसरी येईपर्यंत त्याने विचारलं, "जुने चाचणीचे रजिस्टर तुझ्याकडे वर असतात ना?"

मी ते सगळे नीट लावून ठेवले होते. सव्वीस वर्षांचे रजिस्टर मी त्याला माळ्यावरून काढून दिले. कशाला हवेत ते विचारलंही नाही. महिनाभर डबा खाताना तो ते चाळत बसे आणि जुन्या चाचणीपत्रकांच्या पाठीवर आकडे मांडे. त्याने एकट्याने तपासलेले मीटर ऐंशी हजारांहून जास्त निघाले. त्यांतले फेरतपासणीत चुकलेले एकेचाळीस. खोलीतल्या कोणाही माणसाचा आकडा इतका कमी नव्हता. तो कागद त्याने बाईंना नेऊन दाखवला. मला दाखवला तेव्हा म्हणाला, "आवाज चालू असताना केलंय रे हे. सगळं."

मला वाटलं होतं, तो खूश असेल. तो रडत होता. चाचणीच्या बाकाला टेकून, नळ चालू ठेवून, कोणाला कळू नये असा.

"मॅडम म्हणतात, आजार एक आणि आजाराची लाज दुसरी. आजाराने माझे दहा आठवडे घेतले. बाकी लाजेने घेतलं." मग म्हणाला, "ती शाळेतली आता कुठे असेल?"

मी म्हटलं, "तिचं सगळं व्यवस्थित आहे." मला खरं तर ठाऊक नव्हतं.

बुधवारच्या अर्ध्या दिवसासाठी तो रजेचा अर्ज द्यायचा. कारण म्हणून 'वैयक्तिक काम' लिहायचा. चौदाव्या-पंधराव्या वेळी त्याने कारण लिहिलं, 'मानसोपचार, बोलण्याचा उपचार'. मी तो अर्ज टेबलावर बघितला आणि आधी इकडे-तिकडे पाहिलं. मग त्या शब्दांवर पांढरी शाई लावली, वाळू दिली आणि वर 'वैयक्तिक काम' लिहिलं. पुढे दोन जणांच्या हातून तो कागद जाणार होता. निवृत्तीला सहा-सात महिने उरलेल्या माणसाच्या मागे पुन्हा कशाला चर्चा?

दुसऱ्या दिवशी मंजूर अर्जाची प्रत त्याच्या हातात पडली. तो जिन्यापाशी मला भेटला.

"तू खोडलंस?"

"तुझ्याच भल्यासाठी."

"मला ते लिहायला तीन बुधवार लागले," तो म्हणाला आणि खाली गेला.

हे त्याने बाईंना सांगितलं असणार, कारण त्यांनी मला निरोप पाठवला, पुढच्या बुधवारी काकांबरोबर आत येऊन बसाल का?

त्या आठवड्यात माझ्या निवृत्तीचे कागद तयार होत होते आणि मी कपाट आवरायला काढलं होतं. सोमवारी मुख्यालयाकडून यादी आली. चाचणीप्रमुख दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते. यादीत पहिलं नाव काट्याचं. पाकिटात शेवटचं पत्र होतं. मी त्यावर तारीख घातली, यादीसोबत जोडलं, दुपारच्या टपालात टाकलं, आणि रिकामं पाकीट फाडून टोपलीत टाकताना एक काम संपल्याचं समाधान वाटलं. एवढंच मला आठवतं. त्याला विचारावं, असं मनात आलंदेखील नाही. रजिस्टर मीच काढून दिले होते, आकडे मी बघितले होते, तो रडलेला मी बघितला होता. तरीही आलं नाही.

बुधवारी मी त्या खोलीत तिसऱ्या खुर्चीवर बसलो. बाईंनी आधी माझे आभार मानले, इतकी वर्षं सोबत केल्याबद्दल. मग विचारलं, "तुम्ही त्यांच्याविषयी दुसऱ्यांना काय सांगता?"

"काही सांगत नाही. सांभाळून घेतो," मी म्हटलं. "कोणी त्याला जड काम दिलं तर मी मध्ये पडतो. कोणी काही विचारलं तर मी उत्तर देतो. त्याच्यापर्यंत जाऊ देत नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे न बघता, अगदी शांतपणे बोलला.

"मॅडमनी मला विचारलं होतं, हे वाक्य पहिल्यांदा कोण म्हणालं? मला वाटायचं, मीच. मग आठवलं. इस्पितळातून कामावर आलो त्या दिवशी तू मला घेऊन साहेबांकडे गेलास. मी दारात उभा होतो. तू म्हणालास, साहेब, याला सहीचं काम देऊ नका, सध्या डोकं भरवशाचं नाही."

मला ते आठवत होतं. मी ते त्याच्या भल्यासाठीच म्हटलं होतं.

"तू 'सध्या' म्हणाला होतास," तो म्हणाला. "ते मी ऐकलं होतं. पण पुढे कोणी मला सांगितलं नाही की ते संपलं. आणि मी विचारलं नाही."

मग तो बाईंकडे वळला. "मॅडम, ह्याच्यासमोरच सांगतो. या वर्षी यादी येणार आहे. या वेळी मी होय म्हणणार. चार-पाच महिनेच मिळतील, मिळू देत. दाखल्यावर माझी सही असेल. ताईची मुलगी येणार आहे, तिला नेऊन खोली दाखवेन."

बाई हसल्या. "आणि आवाज काही म्हणाले तर?"

"म्हणू देत. ते एकही मीटर तपासत नाहीत."

माझ्यासमोर पाण्याचा ग्लास होता. तो मी उचलला आणि प्यायलो. पत्र सोमवारी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुख्यालयात फोन केला. पलीकडचा लिपिक ओळखीचा.

"ते नकाराचं पत्र परत मागवता येईल का?"

"सही कोणाची आहे?"

"त्याचीच."

"मग आता काय झालं? अहो, तुम्ही इतके शिस्तीचे, तुमच्याकडून असं कधी येत नाही."

"चूक झाली माझी."

"उशीर झाला हो. नकार आला म्हणून साहेबांनी कालच खालच्या माणसाच्या कागदावर सही केली. आदेश टपालात पडलाय."

शुक्रवारी आदेश आला असता. म्हणून गुरुवारी दुपारीच मी खाली गेलो. तो बाकावर सहावा मीटर बसवत होता. मी उभ्या-उभ्या सगळं सांगितलं. त्याने आधी व्हॉल्व्ह बंद केला, हात पुसले.

"कधी पाठवलंस?"

"सोमवारी."

"म्हणजे काल मी तिथे बोलत होतो तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू पाणी प्यायलास."

मी म्हटलं, "सही तुझीच होती रे त्याच्यावर." हे मी का म्हटलं, मला माहीत नाही. स्वतःला वाचवायला म्हटलं असणार.

"सही माझी आहे, नाही कोण म्हणतंय? मी मूर्खासारख्या केल्या सह्या. पण या वेळी 'नाही' मी म्हटलं नाही. ते तू म्हटलंस." त्याचा आवाज चढला होता. पलीकडे सील लावणारे दोघं काम थांबवून बघू लागले. "चोवीस पायऱ्या आहेत या जिन्याला. एकदा खाली येऊन विचारता आलं नसतं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. सव्वीस वर्षं तुलाच वाटतंय."

आणि तेव्हा, इतकं सगळं ऐकून झाल्यावर, माझ्या तोंडून जे गेलं ते मला जन्मभर पुरेल. मी हळू आवाजात विचारलं, "सकाळची गोळी घेतलीस ना?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे दुसरंच काही आलं, ते बघवेना.

"घेतली," तो म्हणाला. "हा राग आजाराचा नाही. तुझ्यावरचा आहे. तेवढा तरी माझा राहू दे."

त्याने स्वतः अर्ज लिहिला. माझ्याकडे मसुद्याला आला नाही. साधी चार वाक्यं होती, अक्षर मीटरच्या आकड्यांसारखं सुटं. मी वेगळं निवेदन जोडलं, की तारीख मी घातली, पत्र नऊ वर्षांपूर्वी सही करून ठेवलेलं होतं, आणि संबंधिताला यादीची माहिती मी दिली नाही. दोन महिन्यांनी उत्तर आलं. सही कर्मचाऱ्याची असल्याने नकार ग्राह्य धरण्यात येत आहे. माझ्यासाठी वेगळा कागद होता, सक्त ताकीद दिल्याचा. तो मी माझ्या हाताने माझ्या सेवापुस्तकात लावला.

उत्तर घेऊन मी चोवीस पायऱ्या उतरलो. त्याने ते उभ्यानेच वाचलं.

"बरं," तो म्हणाला. "आता माझ्यासाठी काही करू नकोस. रागाने नाही म्हणत. खरंच काही करू नकोस."

ताईने फोनवर सांगितलं, की आवाज पुन्हा जवळ आलेत. आम्ही सांगितलं नव्हतं का, असं म्हणतात. रात्रीचा स्वयंपाकघरात फेऱ्या मारतो. बाईंनी आठवड्यातून दोनदा बोलावलं आहे, डॉक्टरांनी गोळी थोडी वाढवली आहे. भाची आली होती, पण खोली दाखवायला त्याने तिला आणलं नाही. मी ताईला विचारलं, "मी येऊन भेटू का?" ती म्हणाली, "त्याला विचारते." तिचा फोन परत आला नाही. माझ्याशी तो कामापुरतं बोलतो, तेही नीट बोलतो. त्याने तुटक बोलायला हवं होतं, असं मला वाटतं.

नवा चाचणीप्रमुख चाळिशीचा आहे. मीटर उघडायला त्याला काट्यानेच शिकवलं. गेल्या मंगळवारी त्याच्या सहीसाठी एक कागद घेऊन मी खाली निघालो होतो. जिन्याच्या वळणावरून खोली दिसते. काट्या बाकापाशी उभा होता आणि नव्या प्रमुखाला म्हणत होता, "साहेब, एक सांगायचं होतं."

"काटेभाऊ, साहेब काय म्हणता? लाजवता का?"

"ऐकून घ्या आधी. मला सायकोसिस आहे. इकडून-तिकडून तुम्हाला माहीत असेल, पण माझ्या तोंडून सांगतो. मला आवाज येतात. गेले काही दिवस जास्त येतात. डावीकडून कोणी बोललं की ते त्यांच्यात मिसळतं. मला काही सांगायचं असलं तर उजवीकडून सांगा. आणि आकडा असला तर कागदावर लिहून द्या."

तो बिचारा गोंधळला. पेन खिशात घातलं, परत काढलं. "मग रजा घेता का? म्हणजे, विश्रांती..."

"नको. काम जमतंय. जमेनासं झालं तर मी सांगेन. तुम्ही अंदाज करू नका, मला विचारा."

मी बाराव्या पायरीवर होतो. माझा पाय खाली निघालाच होता. मध्ये पडावं, दोन वाक्यांत नीट समजावून सांगावं, त्या पोराला बाजूला घेऊन काळजी घे म्हणावं. सव्वीस वर्षांची सवय होती.

नवा प्रमुख टाकीला वळसा घालून बाकाच्या उजव्या बाजूला आला. "आता येतं ऐकू?"

"येतं. हा तिसरा मीटर जास्त पळतोय."

"नापास करायचा?"

"पूर्ण धारेवर पुन्हा बघू. आणि मी म्हणतो म्हणून सही करू नका. काटा स्वतः बघा."

दोघंही वाकले. पाण्याचा आवाज सुरू झाला, त्यात पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही. मी वळून वर आलो आणि कागद शिपायाबरोबर पाठवला.